कपारीच्या डोहाची राखण

रीताचा फोटो पेपरात आला त्या सकाळी ज्योत्स्नाच्या हातून दोन भाकरी करपल्या. एरवी तिच्या भाकरीला घरात कोणी नाव ठेवत नसे. पण त्या दिवशी सासू रुख्माबाई चष्मा लावून ओट्यावर बसल्या होत्या आणि बातमी मोठ्याने, अक्षर लावत लावत वाचत होत्या. ज्योत्स्नाचं लक्ष तव्यावर राहिलं नाही.

“नदीकाठी विषमुक्त पट्टा,” रुख्माबाईंनी वाचलं. “महाशीर माशासाठी सुनेचा पुढाकार.” मग फोटोवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “साजरी दिसून राह्यली पोरगी. हे मोरपंखी लुगडं तुहंच होय नं?”

“माहंच होय,” ज्योत्स्ना म्हणाली.

रीता तिची धाकटी जाऊ. साडी तिने मागून नेली होती आणि ज्योत्स्नाने ती स्वतः इस्त्री करून दिली होती. फोटोत रीता कपारीच्या डोहाजवळ, काठावरच्या सपाट खडकावर उभी होती. त्या खडकावर ज्योत्स्नाने लग्न झाल्यापासून धुणं धुतलं होतं. त्याचा कुठला कोपरा निसरडा आहे हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

हिंगणीच्या पुढे पाचसहा किलोमीटरवर, जंगलाच्या कडेला त्यांचं गाव. नदी लहान, उन्हाळ्यात तर जागोजागी तुटायची. पण गावाच्या खालच्या अंगाला एका मोठ्या कपारीखाली खोल डोह होता आणि त्याचं पाणी मे महिन्यातही आटत नसे. बावीस वर्षांपूर्वी ज्योत्स्ना आर्वी तालुक्यातल्या रोहण्याहून लग्न होऊन इथे आली, तेव्हा गावच्या धुण्याच्या जागेवर तिच्याशी कोणी बोलत नसे. म्हणून ती लांब, डोहावर जायची. तिथे तिने ते मासे पाहिले. हातभर लांब, पाठ हिरवट काळी, अंगावर रुपयाच्या नाण्याएवढे खवले. ती घरून कणकेचा गोळा पदरात बांधून न्यायची आणि बारीक गोळ्या करून पाण्यात टाकायची. पहिल्या वर्षी मासे तिची सावली पडली तरी पळायचे. तिसऱ्या वर्षी ती खडकावर बसली की वर यायला लागले. ही गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. सासरी सगळं सगळ्यांचं होतं, एवढंच एक तिचं होतं.

सासरे तानबा गेल्यावर दोघा भावांत वाटणी झाली. चिठ्ठ्या टाकून झाली, कोणावर अन्याय झाला नाही. ज्योत्स्नाच्या नवऱ्याला, गजेंद्रला, विहीर असलेलं वरचं वावर आलं. धाकट्या निकेशला नदीकाठचं आलं. कपारीचा डोह निकेशच्या धुऱ्याला, शेताच्या बांधालाच लागून होता. चिठ्ठी उघडली तेव्हा गजेंद्र विहिरीमुळे खूश झाला. ज्योत्स्ना मात्र आत जाऊन उगाच डबे पुसत बसली.

पाच वर्षांपूर्वीच्या भादव्यात डोहावर मेलेले मासे तिनेच पहिल्यांदा पाहिले. आदल्या दिवशी काठच्या पराटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी झाली होती. लोकांनी पंप नदीतच भरले आणि नदीतच धुतले होते. पांढरी पोटं वर करून मासे खडकाला लागले होते. तिने गजेंद्रला सांगितलं, तर तो म्हणाला, “मासे हायेत, मरतातच.” मग तिने रीताला सांगितलं. रीता वर्ध्याची, कॉलेज शिकलेली, नुकती कुठे गावात रुळत होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. किती मासे, कुठे, पाण्याला वास होता का, असं विचारलं. एवढं लक्ष देऊन ज्योत्स्नाचं बोलणं त्या घरात तोवर कोणी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर ज्योत्स्नाचे वडील आजारी पडले आणि ती पंधरा दिवस रोहण्याला गेली. परत आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. रीताने कॉलेजातल्या मैत्रिणीला कळवलं होतं. ती मैत्रीण, सुरभी, आता माशांवर संशोधन करत होती. तिने डोहावर येऊन मासे पकडले, मोजले, परत सोडले. हा महाशीर आहे, असे मासे आता फार थोड्या ठिकाणी उरलेत, असं तिने सांगितलं. गावात रीताला डोहवाली बाई म्हणू लागले.

पुढे दोन वर्षांनी ग्रामसभेत ठराव झाला. नदीच्या काठापासून तीस मीटरपर्यंत रासायनिक औषध मारायचं नाही. पंप नदीत भरायचा नाही, धुवायचा नाही. त्या पट्ट्यात पराटीऐवजी तूर, ज्वारी घ्यायची, नाहीतर निंबोळी अर्कावर भागवायचं. सभेच्या आदल्या दिवशी रीता विचारायला आली होती, “ताई, तुम्ही बोलता का उद्या? मेलेले मासे तर तुम्हीच पाहिले होते.”

“मले कुठं बोलता येते,” ज्योत्स्ना म्हणाली होती. रीता पुन्हा आग्रह करेल असं तिला वाटलं होतं. रीताने आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः बोलली, आणि छान बोलली. “आम्ही पाहिलं, आमच्या डोळ्यांसमोर मासे मेले,” असं ती म्हणाली. तिसऱ्या रांगेत बसलेल्या ज्योत्स्नाला त्या ‘आम्ही’त आपण आहोत की नाही ते कळलं नाही. तेव्हापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलं नाही.

पेपर आला त्या संध्याकाळी आचलचा फोन आला. आचल ज्योत्स्नाची मुलगी, वर्ध्याला हॉस्टेलवर राहून बारावी करत होती.

“आई, काकूचा फोटो मी आमच्या ग्रुपवर टाकला. मॅडम म्हणाल्या, पर्यावरणाचा प्रोजेक्ट यावरच कर. मी दिवाळीत काकूची मुलाखत घेणार आहे.”

“घे नं.”

“तुझी पण दोन वाक्यं घेईन. घरच्यांना काय वाटतं म्हणून.”

“काय वाटते मनजे?”

“म्हणजे अभिमान वगैरे.”

ज्योत्स्ना म्हणाली, गाय ओरडून राह्यली, ठेवते. गाय शांतपणे रवंथ करत होती.

*

ऑक्टोबर लागला आणि पराटीवर बोंडअळी दिसायला लागली. गजेंद्रचं वावर नदीपासून बरंच वर, त्यामुळे तीस मीटरच्या नियमात ते येत नव्हतं. त्याने हिंगणीहून औषध आणलं आणि दोन दिवस फवारणी केली. पण वावराच्या कडेने एक नाला वाहत होता आणि तो पुढे निकेशच्या शेताला वळसा घालून डोहाच्या तोंडाशीच नदीला मिळत होता. ठरावात नदीचं नाव होतं. नाल्याचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्योत्स्ना शिदोरी घेऊन गेली, तेव्हा गजेंद्र नाल्यात उतरला होता. पंपाची टाकी उलटी करून तो खळखळून धूत होता. पंपात उरलेलं औषध त्याने तिच्यासमोर नाल्याच्या डबक्यात ओतलं. पाणी दुधासारखं पांढरट झालं.

“अवो, इथं काऊन धुता?” ती म्हणाली. “विहिरीचं पानी काढून लांब धुवा नं.”

“मोटरले लाईट नाई. आन नाल्यात पानी कितीसं हाय? नदीले पोचेपर्यंत काई राह्यत नाई त्याच्यात.”

ज्योत्स्नाला माहीत होतं की राहतं. सुरभीने सभेत सांगितलं होतं, बोंडअळीच्या औषधाचा थोडासा अंशही माशाला पुरे होतो. तिने भाकरी सोडली, कांदा फोडून दिला आणि तो जेवेपर्यंत बांधावर बसून राहिली. तिला आठवत होतं, दोन दिवसांनी रीताचा वर्ध्याला सत्कार होता. रीताने त्यासाठी नवीन साडी आणली होती आणि रुख्माबाई त्या कार्यक्रमाला जायला आतापासून तयार होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतीचा पाऊस आला. तासभर नुसता कोसळला. नाला तुडुंब भरून वाहिला आणि डबक्यात जे होतं ते सगळं खाली घेऊन गेला.

त्याच्या पुढच्या सकाळी गावातली सुलोचना डोहावर धुणं धुवायला गेली आणि बादली तिथेच टाकून गावात आली. अकरा मोठे मासे मेले होते. बारीक किती मेले ते मोजायला कोणी गेलंच नाही.

अर्धं गाव काठावर जमलं. ज्योत्स्नाही गेली, पण मागे उभी राहिली. रीता पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरून एकेक मासा बाहेर काढून ठेवत होती. तिची सलवार चिखलाने भरली होती. पलीकडच्या काठाला मनकर्णाबाईंचं वावर होतं. नियमामुळे त्यांना काठची पराटी सोडावी लागली होती आणि त्याचा राग त्यांनी कधी लपवला नव्हता. मनकर्णाबाईच निकेशच्या बैलांच्या कोठ्यात डोकावून आल्या आणि हातात औषधाची रिकामी बाटली घेऊन उभ्या राहिल्या.

“हे काय होय? आमाले निंबोळी अर्क आन घरी हे?”

निकेश सांगायला लागला की ते औषध त्याने तीस मीटरच्या वरच्या भागात मारलं, आठ दिवस झाले, त्याला मनाई नाही. ते खरं होतं. पण मेलेले मासे समोर होते, डोह त्याच्या धुऱ्याला होता आणि बाटली त्याच्या कोठ्यातली होती. सरपंच महादेवराव म्हणाले, “पाहू आपन, पानी तपासून पाहू.” सुरभीने येऊन पाण्याच्या बाटल्या भरून नागपूरला पाठवल्या. महिनाभराने अहवाल येईल, आणि त्यात औषध होतं का ते कळेल, कोणाचं होतं ते कळणार नाही, असं तिने सांगितलं.

वर्ध्याहून निरोप आला की सत्कार सध्या पुढे ढकलू.

त्या संध्याकाळी ज्योत्स्नाने झुणका केला आणि दोन भाकऱ्या ताटात घेऊन ती भिंतीपलीकडे रीताच्या घरी गेली. रीता दिवा न लावता बसली होती. ज्योत्स्नाने दिवा लावला, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“लोकं काईबी बोलतात. मनावर नको घेऊ.”

“ताई, तुम्हाला तरी खरं वाटतं नं, की आम्ही नाही केलं?”

“वाटते नं.”

“सगळ्या गावात तुम्ही एकट्याच आल्या,” रीता म्हणाली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

ज्योत्स्नाने तिला थोपटलं. तिला वाईट वाटायला हवं होतं आणि थोडं वाटलंही. पण त्याच्याखाली कुठेतरी फार दिवसांनी ऊन लागल्यासारखं गरम, बरं वाटत होतं. गावात कोणी डोहवाली बाई म्हणत नव्हतं. रुख्माबाईंनी पेपराचा तुकडा आरशाच्या कडेला खोचला होता, तो काढून ठेवला होता. घरी येऊन ज्योत्स्ना जेवली आणि त्या रात्री तिला शांत झोप लागली.

गजेंद्रला सगळं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तो चहा पिताना हळू आवाजात म्हणाला, “नाल्याचं कोनाजवळ बोलू नको. घरातलं हाय. निकेशचं काई बिघडत नाई, दोन दिवस बोलतील आन भुलतील.”

“मी कायले बोलू,” ती म्हणाली. नवऱ्याला वाटलं, ती त्याच्यासाठी गप्प आहे. ज्योत्स्नाला हे सोयीचं होतं. दिवसातून दहा वेळा ती स्वतःलाही तेच सांगत होती.

*

लोक दोन दिवसांत भुलले नाहीत. रीता दुकानात गेली की बोलणं थांबायचं. तिने बचत गटाच्या बैठकीला जाणं सोडलं. आठ दिवसांनी निकेश भावाच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, “दादा, मी थो पट्टा नांगरून टाकतो. पुढच्या वर्षी काठापर्यंत पराटी लावतो. ज्याच्यासाठी केलं त्याच्यासाठीच शिव्या खाल्ल्या. रीताबी म्हनते, सोडून द्या.”

“तुही मर्जी,” गजेंद्र जमिनीकडे पाहत म्हणाला.

तूरडाळ निवडत बसलेल्या ज्योत्स्नाचा हात थांबला. पट्टा मोडेल, हा विचार तिने केलाच नव्हता. आणि एक पट्टा मोडला की बाकीचे का पाळतील? मनकर्णाबाई तर आधीच सांगत फिरत होत्या की विशेष ग्रामसभा घ्या आणि तो ठराव रद्द करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुष्कळ महिन्यांनी कणकेचा गोळा पदरात बांधून डोहावर गेली. अलीकडे ती जातच नव्हती. तिथे सुरभीचे विद्यार्थी यायचे, पाहुणे यायचे, रीता त्यांना डोह दाखवायची, आणि ज्योत्स्नाला ते बघवत नसे. आता तिथे कोणी नव्हतं. ती खडकावर बसली, गोळ्या केल्या, टाकल्या. पाणी स्वच्छ होतं, खालचे दगड दिसत होते. गोळ्या संथपणे खाली जाऊन दगडावर बसल्या आणि तिथेच राहिल्या. तिने सगळी कणीक टाकली. अर्धा तास झाला, तास झाला. कपारीच्या अंधारात काहीतरी हललं असं तिला वाटलं, पण वर कोणी आलं नाही.

मासे वर यायला लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं. तिला एकदम त्या दुपारचं पांढरट पाणी आठवलं, आणि आपण कांदा फोडत बसलो होतो ते आठवलं. मासे रीताचे झाले म्हणून ती जळत होती. पण नाल्यात औषध ओतताना मासे कोणाचे होते? तेव्हा ती एकटी तिथे होती. एकटीला माहीत होतं. चार पावलं पळत जाऊन डबक्याला मातीचा बांध घातला असता, निकेशला हाक मारली असती, तरी पावसाआधी काही करता आलं असतं. ती घरी परतली तेव्हा पदर ओला होता.

विशेष ग्रामसभा शुक्रवारी शाळेच्या वर्गात भरली. मनकर्णाबाई आधी बोलल्या. नियम करणाऱ्यांनीच नियम मोडला तर आम्ही नुकसान का सोसायचं, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो चूक नव्हता. चारपाच जणांनी माना हलवल्या. सुरभी आली होती. ती म्हणाली, कपारीत अजून थोडे मासे असतील, एवढ्यात सोडू नका. तिचं कोणी फारसं ऐकलं नाही. रीता खिडकीजवळ बसली होती. महादेवरावांनी तिला विचारलं, “तुमाले काई बोलाचं हाय का?”

“नाही,” रीता म्हणाली. “सगळ्यांची इच्छा असेल तर रद्द करा.”

महादेवरावांनी रजिस्टर पुढे ओढलं. तेव्हा ज्योत्स्ना उभी राहिली. सभेत ती आजवर कधी बोलली नव्हती.

“डोहात औषध नाल्यातून आलं,” ती म्हणाली. “निकेश भाऊजींच्या वावरातून नाई आलं. आमच्या वावराजवळ नाल्यात पंप धुतला, उरलेलं औषध तिथंच ओतलं, आन पावसानं ते खाली नेलं.”

“तुमाले कोनं सांगतलं?” महादेवरावांनी विचारलं.

“मी डोयानं पाह्यलं. आमच्या घरच्यांनंच धुतला.”

मागे दाराजवळ उभा असलेला गजेंद्र क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि तो बाहेर निघून गेला. त्याच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात शेवटपर्यंत ऐकू आला.

रीता हळूहळू उठून उभी राहिली.

“ताई, हे कधी पाहिलं तुम्ही?”

“पाऊस आला त्याच्या आदल्या दिवशी.”

“म्हणजे सतरा दिवस झाले. माझ्या घरी झुणका घेऊन आल्या तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“हाव.”

“मोठ्या भाऊजींचं नाव येऊ नये म्हणून गप्प बसल्या?”

तिला सुटायला वाट मिळाली होती. ज्योत्स्नाने हो म्हटलं असतं तर सगळ्या वर्गाला ते पटलं असतं. बायकांनी तर मनातल्या मनात तिला माफही केलं असतं. ती बाकाच्या कडेला हात धरून उभी राहिली.

“नाई,” ती म्हणाली. “त्याईच्यासाठी नाई. तुह्यासाठी. तुहं नाव खालतं गेलेलं मले पाहाचं होतं.”

सुरभीने लिहायचं थांबवलं. रीताच्या चेहऱ्यावर राग येईल असं ज्योत्स्नाला वाटलं होतं, पण तिथे नुसतं आश्चर्य होतं. अनोळखी माणसाने रस्त्यात थांबवून काहीतरी मागावं तसं ती पाहत होती. मग तिने आपली पिशवी उचलली आणि ती बायकांमधून वाट काढून दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

ठराव रद्द झाला नाही. उलट मनकर्णाबाईंनीच विचारलं, नदीला नियम आहे तर नाल्याला का नाही, सगळी घाण तर तिथूनच येते. त्यामुळे नाल्याच्या दोन्ही काठांना दहा मीटर धरून नवीन ओळ लिहिली गेली. पंप धुवायला पाण्यापासून लांब, गावाबाहेरच्या पडीत जागी सिमेंटचा ओटा आणि शोषखड्डा करायचं ठरलं. नाल्याकाठी पराटीच्या सगळ्यात जास्त ओळी गजेंद्रच्या होत्या.

*

गजेंद्रने तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. तो फक्त बोलायचा थांबला. जे सांगायचं ते आईमार्फत सांगायचा. “आई, तिले सांग, मी वर्ध्याले जाऊन राह्यलो.” ज्योत्स्ना दोन हातांच्या अंतरावर बसलेली असायची. रुख्माबाई काही दिवस निरोप पोचवत राहिल्या आणि मग एकदा म्हणाल्या, “माह्या तोंडाले का लगाम लावला का तुमी दोघायनं? आपापलं बोला.” तरी तो बोलला नाही.

मोरपंखी साडी धुऊन, घडी करून परत आली. तीही रुख्माबाईंच्याच हाती.

दिवाळीला आचल घरी आली, तोवर तिला सगळं कळलं होतं. पहिले दोन दिवस ती काकूकडेच राहिली. तिसऱ्या दिवशी करंज्या लाटताना ती आईसमोर येऊन बसली.

“आई, तू असं का केलंस?”

“जीव जळत होता.”

“काकूवर? तिने काय वाईट केलं तुझं?”

“काईच नाई केलं.” ज्योत्स्नाने लाटणं बाजूला ठेवलं. मग तिने सांगायला सुरुवात केली. धुण्याच्या जागेवर कोणी बोलत नसे तिथपासून, पदरातल्या कणकेपासून, तिसऱ्या वर्षी वर आलेल्या पहिल्या माशापासून. सांगता सांगता पारी वाळून कडक झाली.

“हे तू मला कधीच सांगितलं नाहीस,” आचल शेवटी म्हणाली.

“तू कवा इचारलं?” असं म्हणून ज्योत्स्नाने लाटणं परत उचललं. “मीबी कोनाले सांगतलं नाई. रीतालेही एवढं नाई सांगतलं.”

आचलने प्रोजेक्टमध्ये आईबद्दल काय लिहिलं ते ज्योत्स्नाला माहीत नाही. तिने विचारलं नाही. सत्कार मात्र डिसेंबरात झाला आणि पेपरात पुन्हा रीताचा फोटो आला. बातमीत शेवटी एक ओळ होती, एका महिलेने पुढे येऊन सत्य सांगितल्याने गैरसमज दूर झाला. ती ओळ ज्योत्स्नाने दोनदा वाचली. ‘एका महिलेने’ हे वाचून तिच्या पोटात परत तेच दुखलं. इतकं सगळं झाल्यावरही ते शिल्लक आहे याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते गेलं नाही.

जानेवारीत एकदा ती वावरातून येत होती. ओटा बांधून झाला होता. गजेंद्र तिथे पंप धूत होता. वरून पाण्याचे दोन डबे डोक्यावर वाहून आणले होते, त्यामुळे सदरा भिजला होता. तिला पाहून त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, “ब्रश आनजो उद्या घरून. झाकणात राह्यते थोडं.” तीन महिन्यांतलं त्याचं ते पहिलं वाक्य होतं. तिने दुसऱ्या दिवशी ब्रश नेऊन दिला.

रीता मात्र भिंतीच्या या बाजूला आली नाही. सणवार आले, रुख्माबाई आजारी पडल्या, दोघी जावा आळीपाळीने त्यांच्या उशाशी बसल्या, पण एक आली की दुसरी उठायची. मे महिन्यात, डोहाचं पाणी सगळ्यात कमी असताना, एका संध्याकाळी रीताने अंगणातूनच हाक दिली.

“उद्या सुरभी येणार आहे. मासे मोजायचे आहेत. दोन काठांवर दोघी लागतात.”

तिने ज्योत्स्नाचं नाव घेतलं नव्हतं, तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. पण अंगणात दुसरं कोणी नव्हतं.

सकाळी सात वाजता ज्योत्स्ना अलीकडच्या खडकावर बसली, रीता पलीकडच्या काठावर. सुरभी मध्ये, उंचवट्यावर वही घेऊन होती. अर्धा तास कोणी बोलायचं नाही असं ठरलं होतं. पाणी संथ होतं. आधी बारीक मासळी दिसली, मग कपारीच्या कडेने एक काळी पाठ सरकली. मग दुसरी. ज्योत्स्ना खडकाच्या कडेला पुढे सरकून पाहत राहिली.

“मोठे किती?” वेळ संपल्यावर सुरभीने विचारलं.

“तीन,” रीता म्हणाली.

“चार,” ज्योत्स्ना म्हणाली.

सुरभीने दोघींकडे पाहिलं. रीताने पायातला काटा काढत, मान वर न करता म्हटलं, “ताईंचं लिही. त्या बावीस वर्षांपासून पाहतात. त्यांना ओळखू येतात.”

हे तिला आचलने सांगितलं असणार. कोणीतरी, चारचौघांत, हे एकदा म्हणावं म्हणून ज्योत्स्नाने पाच वर्षं वाट पाहिली होती. आता रीताने ते म्हटलं होतं, आणि मीठ पुढे सरकवावं तसं कोरडेपणाने म्हटलं होतं. सुरभी वहीत चार लिहू लागली.

“थांबा,” ज्योत्स्ना म्हणाली. “चौथ्याची नुसती शेपटी दिसली मले. पहिलाच फिरून आला असन. तीन लिहा.”

सुरभीने आकडा खोडून तीन लिहिला. रीता खालच्या उथळ पाण्यातून अलीकडे आली आणि तिघी तुरीच्या पट्ट्यातल्या पाऊलवाटेने वर निघाल्या. उन्हाळ्यामुळे पट्टा उघडा होता, नुसती धसकटं उभी होती. रीता आणि सुरभी पुढे, बोलत. ज्योत्स्ना दहा पावलं मागे. रीता कशाला तरी हसली आणि ज्योत्स्नाला वाटलं, माझ्यासोबत हसत होती तेव्हा असंच हसायची. धुऱ्याशी पोचल्यावर रीता थांबली.

“पुढच्या मोजणीला पंधरा तारखेला यावं लागेल,” ती म्हणाली. “याच वेळी.”

“येईन,” ज्योत्स्ना म्हणाली. रीता पुढे गेली. ज्योत्स्ना गजेंद्रला हात द्यायला वरच्या वावराकडे वळली.